सावलीतली फुलं : बी आणण्याआधी ऊन मोजा



बचत गटाच्या बैठकीत फुलांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "आमच्याकडे जागाच नाही, आहे ती सगळी सावलीची." आणि दुसरं, "माझ्या हाताला गुणच नाही बाई, बी टाकलं तरी फूल धरत नाही." आज आपण या दोन वाक्यांबद्दल बोलणार आहोत, कारण ती दोन नसून एकच आहे. सावलीच्या जागेत उन्हाचं फूल लावलं की ते धरत नाही, आणि त्याचा दोष मात्र बाईच्या हाताला लागतो.

सावलीची जागा आपल्याच वाट्याला का येते, तेही बघा. शेतात पीक. दारापुढच्या अंगणात वाळवण, धान्य, मिरच्या आणि संध्याकाळी मोटरसायकल. उन्हाची जागा अशी आधीच वाटली गेलेली असते. उरतो तो मोरीमागचा पट्टा, आंब्या-फणसाखालची जागा, गोठ्याच्या भिंतीचा कोपरा. ना सातबाऱ्यावर नाव, ना त्या जागेवर कुणाचा डोळा. पण तिथे काय लावायचं हे विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. आम्हाला ही जागा म्हणूनच महत्त्वाची वाटते. तिथे रंगीत फुलं येऊ शकतात. फक्त कुठली येतील, हे त्या जागेला विचारायला हवं.

आधी थोडं झाडाचं स्वयंपाकघर समजून घेऊ. झाड आपलं अन्न पानात शिजवतं आणि त्या चुलीचं सरपण म्हणजे उजेड. उजेड कमी असला तर झाड आधी स्वतःला जगवतं, पानं मोठी करतं, उजेडाकडे लांब लांब वाढतं. फूल धरणं हा त्याच्यासाठी वरखर्च आहे. घरात दाणे कमी असले की आपणही आधी रोजची भाकरी बघतो, पुरणपोळी नंतर. झेंडूला ही पुरणपोळी करायला दिवसभराचं ऊन लागतं. तेरड्याला थोडक्यात भागतं. इतकाच फरक आहे. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल ही उन्हाची फुलं. ती सावलीत लावली तर उंच, किरकिरीत, पानाळ होतात आणि कळी धरत नाहीत. त्यात हाताचा काहीच दोष नाही.

ऊन कसं मोजायचं

यासाठी काही विकत आणायला नको. सुट्टीचा दिवस धरा, म्हणजे मुलंही मदतीला येतील. सकाळी सात वाजता आपल्या जागेवर जा आणि ऊन पडलंय का बघा. पडलं असेल तर कागदावर एक रेघ मारा. मग दर तासाला तसंच करा, संध्याकाळी सहापर्यंत. शेवटी रेघा मोजा. जितक्या रेघा, साधारण तितके तास ऊन. त्यातल्या सकाळच्या किती आणि दुपारच्या किती, हेही लिहा, कारण सकाळचं ऊन मऊ असतं आणि दुपारी दोनचं ऊन कोवळ्या रोपाला भाजतं.

झाडाखाली तुकड्या-तुकड्याने ऊन पडतं. तिथे रेघांचा हिशेब नीट लागत नाही. मग हाताची परीक्षा करा. दुपारी जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरा. बोटांची सावली ठळक, कडा स्पष्ट असतील तर उजेड चांगला. सावली दिसते पण बोटं वेगळी ओळखू येत नाहीत, तर मध्यम. सावलीच पडत नसेल तर ती जागा फुलांसाठी फार अंधारी.

एक गोष्ट पुष्कळजणींच्या लक्षात येत नाही. सावली वर्षभर एका जागी राहत नाही. मे महिन्यात वर्तमानपत्रात शून्य सावलीच्या दिवसाची बातमी येते, आठवतं ना? त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत पुणे-सोलापूरच्या पट्ट्यात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणून घराच्या उत्तरेची भिंत, जिला आपण कायमची सावलीची म्हणतो, तिलाही त्या दिवसांत ऊन मिळतं. डिसेंबरात उलट होतं. सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो आणि १० फुटी भिंतीची सावली भर दुपारीही उत्तरेला ९ फुटांच्या जवळपास पसरते. म्हणजे पावसाळ्यात जिथे तेरडा फुलला, तिथेच हिवाळ्यात काही फुलणार नाही, असं होऊ शकतं. त्यासाठी ऊन वर्षातून दोनदा मोजा, एकदा मे महिन्यात आणि एकदा संक्रांतीच्या आसपास.

सावलीचे तीन प्रकार

मोजून झालं की तुमची जागा खालच्या तीनपैकी कशात बसते ते ठरवा.

पहिली अर्धी सावली. इथे सकाळचं तीन-चार तास ऊन येतं आणि दुपारी सावली असते. पूर्वेच्या भिंतीलगतची जागा बहुधा अशी असते. फुलांसाठी ही सगळ्यांत चांगली. मराठवाडा-विदर्भातल्या मैत्रिणींसाठी तर ही जागा वरदानच आहे, कारण तिथल्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारची सावली नसेल तर फुलझाड तगत नाही.

दुसरी चाळणीची सावली. नारळ, सुपारी, शेवगा, आवळा यांच्या पानांतून चाळणीसारखं ऊन खाली झिरपतं. इथे फुलं येतात, पण उन्हातल्यापेक्षा थोडी कमी.

तिसरी दाट सावली. जुना आंबा, फणस, किंवा दोन भिंतींमधली बोळ. इथे कुठलंच हंगामी फूल भरभरून येत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. इथे काय करायचं ते पुढे सांगतो.

तेरडा : आपला हक्काचा

सावलीतल्या हंगामी फुलांत पहिला मान तेरड्याचा. हे आपल्याकडचंच झाड. पावसाळ्यात घाटात आणि कोकणात रानोमाळ फुललेले त्याचे भाऊबंद आपण बघतो. बागेतल्या तेरड्यात लाल, गुलाबी, जांभळा, पांढरा असे रंग मिळतात. एकेरी पाकळ्यांचा असतो तसा गुलाबासारखा भरगच्च दुहेरीही असतो. अर्ध्या सावलीत तो छान फुलतो, चाळणीच्या सावलीतही फुलं देतो.

"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण ऐकून काहीजणी नाक मुरडतात. म्हण खरी आहे, पण ती एका फुलाची गोष्ट आहे. एक फूल दोन-तीन दिवसांत गळतं, पण झाडावर पानांच्या बेचक्यात नव्या कळ्या येतच राहतात आणि झाड कितीतरी आठवडे रंगात असतं.

तेरड्याचं बी मोठं आणि सोपं. गादीवाफ्यावर किंवा डब्यात टाका, वर बोटाच्या नखाइतकी बारीक माती पसरा. आठवड्याभरात उगवतं. चार-सहा पानं झाली की वीतभराहून थोड्या जास्त अंतरावर लावा. पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलं सुरू होतात. तेरड्याचं खोड पाण्याने भरलेलं असतं. त्याला ओल आवडते, पण मुळाशी पाणी साचलं की खोड कुजतं. त्यामुळे पावसाळ्यात गादीवाफा उंच हवाच.

आता गौरीचं गणित बघू. कोकणात कितीतरी घरी तेरड्याच्या रोपांचीच गौर आणतात. इतर ठिकाणी मुखवट्याच्या, खड्याच्या गौरी असतात, पण सजावटीला रंगीत फुलं सगळीकडे लागतात. गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी येतात, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. आधी अधिक महिना आला की आणखी उशिरा. म्हणून "मृगात पेरलं की झालं" असं न धरता पंचांग किंवा कॅलेंडर काढा, गौरी आवाहनाचा दिवस बघा आणि तिथून ७० ते ७५ दिवस मागे मोजा. तो पेरणीचा दिवस. एकदम सगळं बी न टाकता दहा-दहा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत टाका, म्हणजे पाऊस लांबला किंवा झोडपून गेला तरी एक हप्ता हाती लागतो.

आणखी चार सोबतिणी

टोरेनिया. वीत-दीड वीत उंचीचं ठेंगणं झाड. फूल छोट्या तुतारीसारखं, जांभळं, निळं किंवा गुलाबी, बहुतेकांच्या घशात पिवळा ठिपका. अर्ध्या सावलीत हे फार गोड दिसतं. बी मात्र धुळीसारखं बारीक. ते कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरवा आणि वर माती अजिबात टाकू नका, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. झारीने पाणी घातलं तर बी वाहून जातं, म्हणून फवाऱ्याने हलकं पाणी द्या. पहिल्यांदा करणार असाल तर रोपवाटिकेतून दोन-चार रोपं आणा, पुढच्या वेळी बी धरा.

गुलबक्षी. ही बहुतेक गावांत आहे आणि फुकट मिळते. संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला उमलते, सकाळी मिटते. शेतातून घरी यायच्या वेळेला फुललेली दिसते, ही तिची खरी गंमत. अर्ध्या सावलीत चांगली येते. जमिनीत तिचा कंद राहतो, त्यामुळे पुढच्या पावसात पुन्हा फुटते. तिचं काळं बी मिऱ्यासारखं दिसतं आणि ते विषारी असतं. लहान मुलं तोंडात घालणार नाहीत, एवढं बघा.

इंपेशन्स आणि बेगोनिया. रोपवाटिकेत थंडीच्या सुरुवातीला ही दोन्ही मिळतात. मूळची ती अनेक वर्षं जगणारी, पण आपल्या उन्हाळ्यात तगत नाहीत, म्हणून एका हंगामापुरती लावायची. इंपेशन्स हा तेरड्याचाच नातलग, थोडा ठेंगणा आणि सपाट फुलांचा. चाळणीच्या सावलीत, थंड हवेत दोन्ही मनापासून फुलतात.

कोलियस. याचं फूल बघण्यासारखं नसतं, पण पानं लाल, किरमिजी, पोपटी, पिवळी अशी असतात की फुलाची गरजच वाटत नाही. फांदी तोडून पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. एका झाडावर अख्ख्या गटाला वाटता येतं. त्याला येणारे फुलांचे तुरे खुडून टाका, म्हणजे पानं टवटवीत राहतात.

अबोलीचं नाव का घेतलं नाही, असं कोकण-गोव्याकडच्या मैत्रिणी विचारतील. अबोली अर्ध्या सावलीत उत्तम येते आणि वेणीसाठी तिला मागणीही असते. पण ती बारमाही आहे. एकदा लावली की जागा अडवते. तिच्यासाठी कायमचा कोपरा द्या आणि हंगामी फुलं तिच्या पुढच्या ओळीत लावा.

दाट सावलीचं काय करायचं

तीन उपाय आहेत. पहिला, मागच्या भिंतीला चुना मारा. पांढरी भिंत उजेड परत फेकते आणि अंधारा कोपरा दिसेल इतका उजळतो. दुसरा, आंब्याच्या अगदी खालच्या, जमिनीकडे लोंबणाऱ्या बारीक फांद्या घरच्यांशी बोलून काढून घ्या. तिसरा आणि सगळ्यांत खात्रीचा, कुंड्या फिरवा. कुंड्यांचे दोन संच करा. एक संच आठ दिवस सावलीच्या कोपऱ्यात शोभेला, दुसरा उजेडात ताकद घ्यायला. आठवडी बाजाराच्या दिवशी अदलाबदल करा, म्हणजे विसरायला होत नाही. कुंडीसाठी तेलाचा डबा, फुटकी घागर, सिमेंटची पिशवी काहीही चालतं. तळाला तीन-चार भोकं मात्र हवीत.

माती, पाणी आणि सावलीतले शत्रू

मोठ्या झाडाखाली खोदून वाफा करू नका. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, ती तुटतात. बुंध्याभोवती मातीचा ढीगही करू नका, साल कुजते. तिथे डबे, कुंड्याच बऱ्या. मातीचं प्रमाण सोपं आहे. दोन घमेली माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं वाळू. शेण ताजं नको. युरियाची मूठ तर नकोच, त्याने नुसती पानं वाढतात आणि सावलीत ती आधीच जास्त वाढत असतात.

सावलीतली झाडं पाणी कमी पितात. पेरभर बोट मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोवळी रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडली, तर कारण बहुतेक वेळा जास्त पाणी आणि दाट पेरणी हेच असतं. बी विरळ टाका. पेरायच्या आधी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळलं तर आणखी चांगलं. कृषी सेवा केंद्रात ते मिळतं. पानांवर पिठासारखी भुरी दिसली तर ती पानं काढा आणि रोपांत हवा खेळेल इतकं अंतर ठेवा.

पावसाळ्यात सावलीची खरी शत्रू गोगलगाय. रात्रीत रोपं फस्त करते. त्यासाठी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याजवळ ठेवा. सकाळी त्याखाली गोगलगायी जमलेल्या असतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून त्या उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका. हे पाणी नंतर वाफ्यात ओतू नका.

दोन सूचना तब्येतीसाठी. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एकदा सगळ्या ताटल्या पालथ्या करून घासा. आणि ओल्या, सावलीच्या कोपऱ्यात विंचू-सापाचा वावर असतो. हात घालण्याआधी काठीने आपटा, अंधार पडल्यावर विजेरीशिवाय जाऊ नका.

गटाने मिळून काय करता येईल

एकटीने बियांची पाच पाकिटं आणायची तर खर्च अंगावर येतो. गटाने एक बियांची डबी करावी. तेरड्याची बोंडं फुगून फिकट झाली की नुसत्या स्पर्शाने फुटतात आणि बी उडून जातं. म्हणून बोंडावर आधीच पातळ कापडाची पुरचुंडी बांधा. बी सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत भरा, वर रंग आणि महिना लिहा. पाकिटावर संकरित असं लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तेच फूल येईल असं धरू नका. एकेरी तेरडा, गुलबक्षी यांचं बी घरचं चालतं.

जिच्याकडे उन्हाची जागा आहे तिने झेंडू करावा, जिच्याकडे सावली आहे तिने तेरडा आणि टोरेनिया. मग सणाला एकमेकींना द्यावं. विकायचा विचार असेल तर पहिल्या वर्षी मोठी उडी नको. गटाचं कर्ज फुलांसाठी उचलण्याआधी एक हंगाम वहीत तीन रकाने भरा, खर्च, विक्री आणि घरी वापरलं. तिसरा रकाना विसरू नका. गणपतीला जी फुलं विकत आणावी लागली नाहीत, ती तुमची कमाईच आहे. आपल्या कामाची नोंद कुठेच होत नाही, ही आपली जुनी तक्रार. वहीतली नोंद तर आपल्या हातात आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या जागेच्या उन्हाच्या रेघांचा कागद आणायचा. कुणाच्या किती रेघा, त्यावरून कुणी काय लावायचं ते सगळ्याजणी मिळून ठरवू आणि मगच बियांची यादी करू. कुणी म्हणाली की माझ्या हाताला गुण नाही, तर तिला आधी विचारा, "रेघा किती?"